पापण्यांवरचा कोंडा आणि मेडिकलवरची ट्यूब



मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत कर्जाचे अर्ज वाचायला घेतले. शेळी, शिलाई मशीन, मुलाची फी, असे नेहमीचेच अर्ज होते. त्यात एक वेगळा निघाला. ‘नातीच्या डोळ्यांच्या उपचारासाठी ६,००० रुपये.’ अर्ज करणाऱ्या ताई गटात बारा वर्षं आहेत आणि कर्ज सहसा घेतच नाहीत. सगळ्यांनी एकदम विचारलं, काय झालं पोरीला?

त्या म्हणाल्या, “तसं काही नाही हो. पापण्यांना कोंडा यायचा तिच्या. आता डॉक्टर म्हणतात, डोळ्याचं प्रेशर वाढलंय.”

पापण्यांच्या कोंड्यावरून गोष्ट डोळ्याच्या प्रेशरपर्यंत कशी गेली, हे ऐकताना बैठक अर्धा तास लांबली. ऐकता ऐकता आणखी तिघीजणी म्हणाल्या की आमच्याही घरात हेच चाललंय. एकीच्या अडीच महिन्यांच्या नातवाच्या भुवयांवर पिवळ्या खपल्या होत्या, दुसरीच्या मुलाच्या पापण्या सकाळी चिकटायच्या. म्हणून त्या ताईंना विचारून हा विषय अंकात घेतला. त्यांनी एकच अट घातली, नाव छापू नका.

झालं होतं ते असं. नात बारा वर्षांची, सहावीत शिकते. वर्षभरापूर्वी डोक्यात कोंडा झाला. मग भुवयांत आला, मग पापण्यांच्या केसांच्या मुळाशी. सकाळी उठली की डोळे चोळायची, पापण्यांच्या कडा लाल व्हायच्या. कुणीतरी मेडिकलवरून एक ट्यूब आणली. दुकानदार म्हणाला, खाज, नायटा, कोंडा, सगळ्यावर चालते. लावली, आणि चार दिवसांत डोळे अगदी स्वच्छ! घरात सगळे खूश. पंधरा दिवसांनी कोंडा परत आला, परत ट्यूब आणली. अशा किती ट्यूब संपल्या ते कुणी मोजलं नाही. पंचवीस-तीस रुपयांची वस्तू, ती कोण मोजणार? मग शाळेत तपासणीला डॉक्टरांचं पथक आलं. फळ्यावरचं नीट दिसत नाही म्हणून पोरीला पुढे पाठवलं. तिथे चष्म्याचा नंबर निघाला, आणि सोबत डोळ्यातला दाब जास्त निघाला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, “डोळ्याजवळ काही मलम लावता का?”

हा कोंडा आहे तरी काय

आपल्या कातडीत तेल सोडणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. डोकं, भुवया, पापण्यांच्या कडा, नाकाच्या बाजू, कानामागची जागा, इथे त्या जास्त असतात. त्या तेलावर एक प्रकारची बुरशी जगते. तिचं नाव मॅलॅसेझिया. ती तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्या अंगावर असते आणि बहुतेकांना तिचा काही त्रास नसतो. काहींच्या कातडीला मात्र ती सोसत नाही. मग तिथली कातडी लालसर होते, भराभर सुटते आणि तेलकट पिवळट खपल्या धरतात. डॉक्टर याला सेबोऱ्हिक डर्मेटायटिस म्हणतात. पापणीच्या कडेला तेच झालं आणि कड सुजली तर ब्लेफरायटिस म्हणतात. चिठ्ठीवर असा शब्द दिसला तर घाबरू नका, तो पापण्यांच्या कोंड्याचाच भाऊबंद आहे.

हा आजार संसर्गाचा नाही. एकाचं दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे पोराला वेगळं बसवायची गरज नाही. तो अस्वच्छतेमुळे होत नाही. आईनं आंबट खाल्लं, अंगात उष्णता वाढली, दूध बाधलं, यातलं काहीही त्याचं कारण नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण बाळंतिणीला याच्यावरून किती बोलणी खावी लागतात ते आपण बघतो. पथ्याच्या नावाखाली तिची भाजी, दही, डाळ बंद करतात. त्यानं बाळाचा कोंडा जात नाही, आईचं पोषण तेवढं कमी पडायला लागतं.

हा त्रास मुख्यतः दोन वयांत दिसतो. पहिल्यांदा तान्हेपणी, साधारण तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत सुरू होतो. आईच्या अंगातली संप्रेरकं पोटात असतानाच बाळाकडे गेलेली असतात, त्यामुळे बाळाच्या तेलाच्या ग्रंथी काही महिने जोरात चालतात, असं मानलं जातं. बाळ वर्षाचं होईपर्यंत बहुतेक वेळा हे आपोआप थांबतं. नंतर वयात येताना, अकरा-बारा वर्षांच्या पुढे, परत सुरू होऊ शकतं. मधल्या वयात, म्हणजे अंगणवाडीत किंवा दुसरी-तिसरीत असलेल्या पोराच्या डोक्यात जाड खपल्या दिसल्या, तर तो साधा कोंडा असण्याची शक्यता कमी. त्या वयात डोक्यातला नायटा, इसब किंवा दुसरं काही असू शकतं. डोक्यातल्या नायट्यात केस मुळाशी तुटतात, टक्कल पडल्यासारखे गोल चट्टे दिसतात, आणि तो मात्र घरातल्या दुसऱ्या मुलांना लागतो. त्याला पोटात घ्यायचं औषध लागतं, तेला-शाम्पूनं तो जात नाही. म्हणून ‘खवडे झालेत, होतील बरे’ म्हणून त्या वयातल्या मुलाला घरी ठेवू नका.

तान्ह्या बाळाचं काय करायचं

आपल्याकडे बाळाची टाळू भरायची पद्धत आहे. रोज तेलाचा बोळा टाळूवर ठेवायचा, तेल जिरू द्यायचं. आजीचं प्रेम त्यात असतं, आणि मी काही टाळू भरू नका म्हणणार नाही. पण खपल्या धरलेल्या असताना तेल तसंच ठेवलं, वर आणखी तेल घातलं, धुतलं मात्र नाही, तर थरावर थर बसतो. शिवाय ती बुरशी तेलावरच जगते, हे वर लिहिलंच आहे. म्हणून तेल खपली मऊ करण्यापुरतं वापरायचं आणि मग धुऊन काढायचं.

आंघोळीच्या आधी अर्धा-पाऊण तास थोडं खोबरेल खपल्यांवर हलक्या बोटांनी लावा. मऊ झाल्या की बाळाच्या मऊ ब्रशनं किंवा मऊ फडक्यानं हळूच फिरवा. सुटेल तेवढंच सोडवा. मग बाळाच्या सौम्य शाम्पूनं धुवा आणि तेल पूर्ण निघालं का ते बघा. टाळूला हात लावायला भीती वाटते, ते मला माहीत आहे. हलक्या हातानं धुतल्यानं टाळूला काही होत नाही. खपली नखानं उकरायची नाही. खालची कातडी उघडी पडते, पाणी सुटतं आणि तिथे जंतू शिरतात. न्हाऊ घालणाऱ्या मावशींना हे आधीच सांगून ठेवा. डाळीचं पीठ आणि साय लावून खसाखसा चोळणं खपल्यांवर नको, भुवयांवर तर अजिबात नको.

भुवयांवर खपल्या असतील तर बोटाच्या टोकाला लागेल एवढंच तेल घ्या. ते डोळ्यात ओघळू देऊ नका. दहा-पंधरा मिनिटांनी ओल्या मऊ फडक्यानं पुसून घ्या. पापण्यांना तेल लावायचं नाही, त्या फक्त पाण्यानं साफ करायच्या.

या खपल्यांनी तान्ह्या बाळाला सहसा फारशी खाज येत नाही. बाळ नीट पितं, झोपतं, खेळतं. त्रास बघणाऱ्याला जास्त होतो. बाळ सतत चेहरा चोळत असेल, रात्री खाजेनं रडत असेल, कोपराच्या-गुडघ्याच्या वळ्यांत किंवा गालांवर कोरडे लाल चट्टे असतील, घरात कुणाला दमा असेल, तर ते इसब असण्याची शक्यता आहे. त्याचा उपचार वेगळा असतो. आणि खपल्या अंगभर पसरल्या, सोबत जुलाब होत आहेत, वजन वाढत नाही, असं असेल तर घरी तेल-शाम्पू करत बसायचं नाही. बाळाला लगेच डॉक्टरांना दाखवायचं.

पापण्या साफ करायची रीत

आता मुख्य काम. यात औषध नाही, खर्च नाही, पण रोज करावं लागतं. म्हणूनच ते होत नाही!

जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा मऊ तुकडा घ्या. त्याचे हातरुमालाच्या अर्ध्या आकाराचे दहा-बारा तुकडे करा. साबणानं धुवा, उकळा आणि कडक उन्हात वाळवा. ते एका डब्यात ठेवा. प्रत्येक मुलाचे वेगळे. एकदा वापरलेला तुकडा परत डब्यात नाही, धुवायला. घरात कापूस असेल तर त्याचे बोळे चालतात, पण कापसाचे तंतू पापण्यांना चिकटतात, म्हणून मला फडकं बरं वाटतं.

पाणी उकळून कोमट होऊ द्या. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा. तिथे सुखाचं वाटलं तर पापणीला चालेल. पापणीची कातडी अंगातली सगळ्यात पातळ कातडी आहे, आपल्या राठ बोटांना कोमट वाटतं ते तिला भाजू शकतं. आपले हात आधी साबणानं धुतलेले हवेत, नखं कापलेली हवीत.

मोठ्या मुलाला डोळे मिटून आडवं निजवा. फडकं कोमट पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. गार झालं की परत बुडवा. असं पाच ते दहा मिनिटं. यानं कडेला घट्ट झालेलं तेल सैल होतं आणि खपली भिजते. पोरं पाच मिनिटं स्वस्थ पडत नाहीत, हे मान्य. त्या ताईंची नात शेक घेताना पाढे म्हणते. बारापासून सुरू करते, वीसपर्यंत गेली की शेक झाला.

मग अर्धा कप कोमट पाण्यात बाळाच्या शाम्पूचे दोन-तीन थेंब टाका. दुसरा तुकडा बोटाला गुंडाळा, त्या पाण्यात बुडवा आणि मिटलेल्या पापणीच्या कडेवर, जिथे केस उगवतात त्या रेषेवर, हलक्या हातानं फिरवा. नाकाच्या बाजूनं सुरू करून कानाकडे जायचं. वरची पापणी, मग खालची. दुसऱ्या डोळ्याला नवा तुकडा. शेवटी साध्या कोमट पाण्यानं पुसून घ्या. डोळ्याच्या आत काही घालायचं नाही, काम फक्त कडेचं आहे.

सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ करायचं. फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. डोळे निवळले तरी दिवसातून एकदा चालू ठेवायचं, कारण हा त्रास परत परत येणारा आहे. तो मुळापासून जात नाही, आटोक्यात राहतो. ‘गुण आला, बंद केलं, परत झालं’ असं म्हणणाऱ्या निम्म्याजणींनी धुणं बंद केलेलं असतं.

अगदी तान्ह्या बाळाला शेक-शाम्पूच्या भानगडीत पडू नका. उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवलेला तुकडा, नाकाकडून कानाकडे एक हात, एवढंच पुरे. बाळ पीत असताना किंवा झोपेत असताना केलं की सोपं जातं.

डोक्यातला कोंडा तसाच राहिला तर पापण्यांचा जात नाही. वरून भुसा पडत असताना खाली झाडून काय उपयोग? वयात येणाऱ्या मुलांना डॉक्टर बहुतेक वेळा किटोकोनाझोलचा शाम्पू सांगतात. आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. तो लावून लगेच धुवायचा नाही, पाच मिनिटं डोक्यावर राहू द्यायचा. मान मागे टाकून धुवा, म्हणजे डोळ्यात जाणार नाही. तान्ह्या बाळाला हा शाम्पू आपल्या मनानं लावू नका. आणि त्या दिवसांत मुलीच्या डोक्याला रोज चापून तेल नको. वेणी तेलाशिवाय घातली तर शाळेत बाई रागावतात, ही तक्रार आमच्या कानावर आली आहे. बाईंशी बोला.

ती ट्यूब

ताईंच्या नातीच्या ट्यूबमध्ये तीन औषधं होती. एक बुरशीचं, एक जंतूंचं आणि तिसरं स्टिरॉइड. चार दिवसांत डोळे स्वच्छ दिसले ते स्टिरॉइडमुळे. स्टिरॉइड सूज आणि लाली फार लवकर दाबतं. म्हणूनच ते फसवं आहे. लावणं बंद केलं की त्रास परत वर येतो, कधी कधी आधीपेक्षा जास्त. मग आपल्याला वाटतं की मलम चांगलं होतं, आजारच चिवट आहे. आणि आपण परत लावतो.

पापणीची कातडी पातळ असल्यामुळे तिथे लावलेलं औषध लवकर आत मुरतं. महिनोन्‌महिने लावलं तर कातडी आणखी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात. औषध डोळ्यापर्यंतही पोचतं. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होत असतं आणि बारीक जाळीतून ते बाहेर जात असतं. स्टिरॉइडनं काही लोकांच्या डोळ्यांत ही जाळी नीट चालत नाही. पाणी साठतं, दाब वाढतो. वाढलेला दाब डोळ्यामागच्या नसेला इजा करतो, त्यालाच काचबिंदू म्हणतात. मोतीबिंदूही लवकर होऊ शकतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन करता येतं. काचबिंदूनं गेलेली नजर मात्र परत येत नाही. आणि मोठ्या मुलांत हा दाब बहुतेक वेळा दुखत नाही, लाल होत नाही. कळत नाही, मोजावा लागतो.

स्टिरॉइड ओळखायचं कसं? ट्यूबचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडून द्या, खाली बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात ते वाचा. इंग्रजी वाचता येत नसेल तर मुलांकडून वाचून घ्या. बीटामेथासोन, मोमेटासोन, डेक्सामेथासोन, हायड्रोकॉर्टिसोन अशी शेवटी ‘सोन’ येणारी नावं बहुतेक स्टिरॉइडची असतात. क्लोबेटासॉल हे तर फार जोरदार स्टिरॉइड आहे, आणि गावोगावी ते खपताना दिसतं, गोरं होण्यासाठीसुद्धा! दुसरी खूण पाकिटावर असते. चिठ्ठीशिवाय विकू नये अशा औषधांच्या पाकिटावर उभी लाल रेघ आणि इशारा असतो. ती रेघ दिसली तर दुकानदाराला सरळ म्हणा, “दादा, चिठ्ठी नाही, हे नको.” लाल डोळ्यांसाठी म्हणून मिळणाऱ्या काही थेंबांतही डेक्सामेथासोन असतं, त्यामुळे मलमापुरतं बघून थांबू नका.

याचा अर्थ स्टिरॉइड म्हणजे विष, असा घेऊ नका. डॉक्टर कधी कधी सौम्य स्टिरॉइड मोजके दिवस देतात आणि ते लागतं. फक्त दवाखान्यातून निघताना तीन गोष्टी विचारून घ्या. यात स्टिरॉइड आहे का? किती दिवस लावायचं? परत कधी दाखवायला यायचं? सांगितलेले दिवस संपले की ट्यूब उरली तरी लावायची नाही, शेजारणीलाही द्यायची नाही. थेंबांची बाटली उघडल्यावर महिन्याभरात टाकून द्यायची. आणखी एक, कातडीचं मलम आणि डोळ्याचं मलम वेगळं असतं. ट्यूब सारख्या दिसतात. डोळ्यासाठी आहे असं लिहिलेलं असेल तेच पापणीच्या कडेला लावायचं.

कुणी अशी ट्यूब आधीच महिनोन्‌महिने वापरत असेल तर हे वाचून घाबरून गप्प बसू नका. ट्यूब सोबत घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि किती दिवस लावली ते खरं सांगा. लपवलं तर त्यांना दाब मोजायचं सुचणार नाही.

काजळ, सुरमा आणि बाकीचं

काजळाशिवाय बाळाचे डोळे उघडे वाटतात, असं आजी म्हणते. पण खपल्या असलेल्या पापणीत काजळ घालणं म्हणजे धुतलेल्या भांड्यात राख टाकणं. घरचं काजळ म्हणजे काजळी आणि तूप, आणि लावणाऱ्याच्या बोटाचे जंतू. बाजारच्या काही सुरम्यांत-काजळांत शिसं सापडलेलं आहे, आणि शिसं बाळाच्या मेंदूला घातक असतं. तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावा. दृष्ट तिथूनही निघते, असं आमच्या गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींनी सांगितलं आहे, म्हणजे प्रश्न मिटला.

अंगावरचं दूध डोळ्यात पिळू नका, त्यानं जंतू मरत नाहीत. मध, गुलाबपाणी, उगाळलेली सुंठ, तुरटीचं पाणी, यातलं काही डोळ्यात नको. बाळंतिणीच्या खोलीतली शेगडीची धुरी लाल झालेल्या डोळ्यांना आणखी झोंबते. बाळ-बाळंतिणीला ऊब हवी असेल तर धूर न होऊ देता द्या.

थांबायचं नाही असं कधी

महिन्याच्या आतल्या बाळाच्या डोळ्यातून पू येत असेल, पापण्या सुजल्या असतील, तर तो कोंडा नाही. त्याच दिवशी दवाखाना. जन्मताना लागलेला संसर्ग असू शकतो आणि त्यात डोळा जाऊ शकतो. तान्ह्या बाळाच्या डोळ्याचं बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसत असेल, बाळ उजेडात डोळे घट्ट मिटत असेल, तरीही तसंच. मोठ्या मुलाचा डोळा दुखतो आहे, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतं, बुबुळावर पांढरा ठिपका आहे, पापणी गरम होऊन सुजली आणि ताप आहे, तर शेक देत बसू नका.

एका डोळ्यातून सतत पाणी गळतं पण कडा स्वच्छ आहेत, तर बाळाची अश्रूंची नळी बंद असू शकते. ती बहुतेक वेळा वर्षाच्या आत उघडते, पण एकदा दाखवून घ्या, डॉक्टर नाकाजवळ मालिश कशी करायची ते शिकवतात. पापणीच्या केसांना बारीक दाणे घट्ट चिकटलेले आहेत आणि पुसून निघत नाहीत, तर त्या उवांच्या लिखा असू शकतात. त्या ओढू नका, दाखवा. मोठ्या मुलाला रांजणवाडी वारंवार होत असेल, डोळे सारखे चोळत असेल, तर चष्म्याचा नंबरही तपासून घ्या. ताईंच्या नातीचा तसाच निघाला.

दाखवायचं कुठे

पहिली आपली आशाताई. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. पुढे ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना येते. खपल्या नेमक्या याच काळात येतात, तेव्हा बाळाची टोपी काढून तिला दाखवा. टोपीखाली काय आहे ते तिला कसं कळणार?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. हा कार्यक्रम २०१३ पासून आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, मजुरीला सोबत नेऊ नका. पथकानं पुढे पाठवलं तर चिठ्ठी जपून ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात कातडीचं बघतात. डोळे तपासायला ग्रामीण रुग्णालयातले नेत्र चिकित्सा अधिकारी असतात, आणि दाब मोजायची वेळ आली तर जिल्हा रुग्णालयाचा नेत्र विभाग. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी आणि औषधं मोफत आहेत. कुठे जावं हे कळत नसेल तर १०४ वर फोन करून विचारता येतं.

ताईंच्या नातीचं सांगायचं राहिलं. ट्यूब बंद केली, दाब कमी करायचे थेंब सुरू झाले. पहिले दहा दिवस पापण्या जास्तच लाल झाल्या, पोरगी चिडली, परत ट्यूब द्या म्हणाली. ताईंनी शेक सोडला नाही. दीड महिन्यानं दाब मोजला तेव्हा तो बराच उतरला होता, नसेला इजा झालेली नाही असं डॉक्टर म्हणाले. पण दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं आहे. जिल्हा रुग्णालयात तपासणीचे पैसे लागले नाहीत, म्हणून कर्ज ६,००० ऐवजी २,००० घेतलं, येण्याजाण्याचं आणि चष्म्याचं. त्याचे दोन हप्ते भरून झाले आहेत.

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला आशाताई येणार आहेत. घरात कातडीला किंवा डोळ्याला लावायची जी काही ट्यूब असेल, ती पिशवीत टाकून घेऊन या. सगळ्या मिळून बारीक अक्षरं वाचू.